मोठ्या ग्रंथभांडारांचा अस्त आणि वाचक



१९९८ सालीं अमेरिकेंत 'यू हॅव गॉट मेल' नांवाचा एक चित्रपट निघाला. न्यूयॉर्कच्या एका जुन्या वस्तींत एक बाई मुलांच्या पुस्तकांचें छोटेसें दुकान चालवीत असते. दुकान तिच्या आईपासूनचें. शेजारींच एक अवाढव्य पुस्तकभांडार उघडतें. तेथें पुस्तकें स्वस्त, बसावयास ऐसपैस खुर्च्या आणि प्यावयास कॉफी. थोड्याच दिवसांत बाईचें दुकान बंद पडतें. चित्रपट पाहणारांनीं त्या दुकानासाठीं डोळे पुसले आणि मोठ्या भांडाराला मनांतल्या मनांत दूषणें दिलीं.

त्यानंतर तेराच वर्षांनीं, २०११ सालीं, तसल्याच एका भांडारमालिकेच्या सगळ्या शाखांना कुलुपें लागलीं. आणि या खेपेस हळहळणारे लोक बरेचसे तेच होते! ही उलटापालट कशी झाली, तींत वाचकाचें काय गेलें आणि काय उरलें, हें आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे. गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे. परंतु ज्या कारणांनीं ती तेथें घडली तीं आतां आपल्याहि दाराशीं येऊन ठेपलीं आहेत. म्हणून परक्या घरचा वृत्तांत एवढ्याच दृष्टीनें तिच्याकडे पाहून चालणार नाहीं.

हीं भांडारें मुळांत होतीं तरी कशीं? अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशांत पुस्तकांचें भरगच्च दुकान हें मोठ्या शहराचें किंवा विद्यापीठाच्या गांवाचें भूषण असे. इतर ठिकाणच्या माणसाला औषधांच्या दुकानांतील तारेच्या मांडणीवरचीं कागदी बांधणीचीं पुस्तकें मिळत, नाहींतर टपालानें पुस्तक धाडणाऱ्या मंडळांचा आधार घ्यावा लागे. १९६० नंतर उपनगरांतून बाजारसंकुलें उभीं राहूं लागलीं, आणि त्यांत वाल्डनबुक्स व बी. डाल्टन या दोन कंपन्यांनीं शेंकडों आटोपशीर दुकानें थाटलीं. मालिकांचा हा पहिला अवतार.

दुसऱ्या अवताराची मुहूर्तमेढ १९७१ सालीं रोवली गेली. त्या वर्षीं मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गांवीं टॉम आणि लुई बॉर्डर्स या दोघां भावांनीं जुन्या पुस्तकांचें एक दुकान घातलें. पुढें तें नव्या पुस्तकांचें झालें. त्यांचा विशेष दोन गोष्टींत होता. कोणतें पुस्तक कोठें किती खपतें याचा बारकाईनें हिशेब ठेवणारी संगणकाची एक पद्धति त्यांनीं बसविली होती. आणि दुकानांत नोकरी मागावयास येणाऱ्याची ते पुस्तकांच्या माहितीची परीक्षा घेत. त्याच १९७१ सालीं न्यूयॉर्कमध्यें लेनर्ड रिजिओ या तरुणानें 'बार्न्स अँड नोबल' हें डबघाईस आलेलें जुनें दुकान विकत घेतलें. १९९० नंतरच्या दशकांत या दोन्ही कंपन्यांनीं गांवोगांव प्रचंड भांडारें उघडलीं. एकेका भांडारांत लाखाच्या घरांत निरनिराळीं पुस्तकें असत. तीं रात्रीं उशीरापर्यंत उघडीं राहत. मुलांसाठीं निराळा कोपरा असे. आणि दिवसभर वाचीत बसून एकहि पुस्तक न घेतां उठून गेलेल्या माणसाला कोणी हटकत नसे.

या उपकाराचें मोल कमी लेखूं नये. ज्या गांवीं कवितेचें एकहि पुस्तक दृष्टीस पडत नव्हतें, तेथें कवितेचीं दोन कपाटें उभीं राहिलीं. ज्याला इंग्रजी बेताचें येतें असा परदेशस्थ, ज्याला घरीं अभ्यासाला जागा नाहीं असा विद्यार्थी, सेवानिवृत्त एकाकी म्हातारा, या सर्वांना तें एक हक्काचें ठिकाण झालें. लहान दुकानदार यांत चिरडले गेले हेंहि खरें. मोठ्या मालिकेला प्रकाशक जी सूट देत ती त्यांना मिळत नसे, आणि शेंकडों दुकानें या काळांत मिटलीं.

आतां या व्यापाराची अंतर्व्यवस्था थोडी समजावून घेऊं. कारण अस्ताचें मूळ तींतच आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत अमेरिकन प्रकाशकांनीं दुकानदारांस सवलत दिली कीं, न खपलेलीं पुस्तकें आम्ही परत घेऊं. संकटकाळची ही सोय पुढें कायमची चाल होऊन बसली. तिच्यामुळें मोठ्या मालिका विचार न करतां ढिगांनीं पुस्तकें मागवूं लागल्या आणि ढिगांनीं परत धाडूं लागल्या. दुसरी चाल याहून विलक्षण. दुकानांत शिरतांच समोर जें टेबल दिसतें, त्यावरील जागेबद्दल प्रकाशक मालिकांना पैसे देत. वाचकाला वाटे, जाणत्या दुकानदारानें हीं पुस्तकें निवडून पुढें मांडलीं आहेत. वस्तुतः तेथें निवड पैशाची होती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सर्व खरेदी मुख्य कचेरींतून होई. शेंकडों शाखांतील टेबलांवर काय असावें हें एकाच ठिकाणीं ठरे. परिणाम असा झाला कीं, एक दुकान पाहिलें म्हणजे सगळीं पाहिल्यासारखें होई. ज्या बॉर्डर्स बंधूंनीं नोकरांची परीक्षा घेतली, त्यांनीं १९९२ सालीं आपली कंपनी के-मार्ट नांवाच्या घरगुती सामानाच्या मोठ्या व्यापारी संस्थेला विकली होती. पुढें १९९५ सालीं ती पुन्हां स्वतंत्र झाली खरी, पण मूळचा पुस्तकवेडेपणा ओसरत गेला.

त्याच १९९५ सालच्या जुलै महिन्यांत सिॲटल शहरीं अमेझॉन या कंपनीनें इंटरनेटवरून पुस्तकें विकण्यास आरंभ केला. मोठ्या भांडारांचें बळ दोन गोष्टींत होतें: पुस्तकांची संख्या आणि किंमतींतील सूट. नव्या प्रतिस्पर्ध्याच्या यादींत लक्षावधि पुस्तकें होतीं, आणि शेंकडों दुकानांचें भाडें त्याला भरावयाचें नव्हतें. ज्या शस्त्रांनीं मोठ्या दुकानांनीं लहानांना जिंकलें, त्याच शस्त्रांनीं तीं स्वतः जिंकलीं गेलीं. उरला होता तो तिसरा गुण, म्हणजे पुस्तक जाणणारा माणूस आणि बसावेंसें वाटणारी जागा. परंतु त्याकडे तर त्यांनीं आधींच दुर्लक्ष केलें होतें.

बॉर्डर्स कंपनीनें तर २००१ सालीं आपली इंटरनेटवरील सगळी विक्री खुद्द अमेझॉनच्याच स्वाधीन केली. कुंपणानें शेत खावें म्हणून जणूं निमंत्रणच दिलें! ती व्यवस्था २००८ पर्यंत चालली. मधल्या सात वर्षांत कंपनीचा ग्राहक दुसऱ्याच्या दारीं जावयास शिकला. याच काळांत कंपनीनें संगीताच्या तबकड्या आणि चित्रपट यांना दुकानांत मोठी जागा दिली होती. त्याहि वस्तु लोक इंटरनेटवरून घेऊं लागले. २००७ च्या नोव्हेंबरांत किंडल हें पुस्तक वाचण्याचें यंत्र बाजारांत आलें, आणि पाठोपाठ २००८ ची आर्थिक मंदी आली. दीर्घ मुदतीचे भाडेकरार गळ्याशीं बांधलेले होतेच. अखेर १६ फेब्रुवारी २०११ रोजीं बॉर्डर्सनें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या दिवशीं तिचीं ६४२ दुकानें होतीं. आधीं सुमारें दोनशें बंद झालीं. जुलैंत उरलेलीं ३९९ दुकानेंहि मोडावयाचें ठरलें. सप्टेंबरांत शेवटच्या दुकानाचें दार लागलें. सुमारें १०,७०० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. प्रकाशकांचीं कोट्यवधि डॉलरांचीं देणीं अडकलीं. शेवटच्या दिवसांत पुस्तकांबरोबर रिकामीं कपाटेंहि विकावयास काढलेलीं होतीं.

वाचकावर याचा परिणाम काय झाला? तीन गांवांचे दाखले देतों.

टेक्सास राज्यांत मेक्सिकोच्या सरहद्दीवर लरेडो नांवाचें शहर आहे. २०१० च्या जनगणनेंत त्याची लोकसंख्या सुमारें २ लाख ३६ हजार भरली. त्याच वर्षाच्या जानेवारींत तेथील बी. डाल्टनची शाखा बंद झाली. या मालिकेची मालकी तोंवर बार्न्स अँड नोबलकडे गेलेली होती. एवढ्या शहरांत तें एकच पुस्तकांचें दुकान होतें. त्यानंतर जवळचें दुकान म्हणजे सॅन अँटोनिओ शहरांतलें, सुमारें दीडशें मैलांवर. दुकान बंद करूं नका म्हणून शाळेंतल्या मुलांनीं पत्रें लिहिलीं. त्यांचा उपयोग झाला नाहीं.

दुसरें उदाहरण खुद्द न्यूयॉर्कमधलें. ब्राँक्स हा त्या शहराचा एक विभाग. वस्ती चौदा लाखांच्या आसपास, आणि त्यांत गरीब कुटुंबें पुष्कळ. तेथें बार्न्स अँड नोबलची एक शाखा होती. २०१६ सालच्या अखेरीस ती बंद झाली. चौदा लाख माणसांच्या वस्तींत सर्वसाधारण वाचकाच्या उपयोगाचें एकहि दुकान उरलें नाहीं. नोएल सँटोस या त्याच भागांत वाढलेल्या तरुणीनें लोकांकडून पैसे गोळा केले आणि २०१९ च्या एप्रिलांत 'द लिट. बार' नांवाचें दुकान उघडलें. मधलीं दोन वर्षें तेथील मुलांना पुस्तकांनीं भरलेली खिडकी पाहावयाची झाली तर नदीपलीकडे जावें लागे.

तिसरें शहर नॅशव्हिल. २०१० च्या डिसेंबरांत तेथील डेव्हिस-किड हें नांवाजलेलें दुकान बंद पडलें, आणि पुढच्या वर्षीं बॉर्डर्सची शाखा गेली. तेव्हां तेथेंच राहणाऱ्या ॲन पॅचेट या कादंबरीलेखिकेनें कॅरन हेज यांना भागीदार घेऊन २०११ च्या नोव्हेंबरांत 'पार्नासस बुक्स' हें दुकान काढलें. पुस्तकांचें दुकान नसलेल्या गांवांत आपल्याला राहावयाचें नाहीं, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

येथें कोणी विचारील, पुस्तक तर आतां घरबसल्या मिळतें, मग दुकान गेल्यानें बिघडलें कोठें? हा प्रश्न रास्त आहे. खेड्यांतल्या वाचकाला आज जें दुर्मिळ पुस्तक चार दिवसांत मिळतें, तें पूर्वीं चार वर्षांत मिळालें नसतें. दृष्टि मंदावलेल्या माणसाला यंत्रावर अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें. या सोयी नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु इंटरनेटवर पुस्तक मागवावयाचें तर काय मागवावयाचें हें आधीं ठाऊक असावें लागतें. दुकानाचें काम याच्या उलट असतें. आपल्याला काय हवें आहे हें जें आपल्यालाच ठाऊक नसतें, तें तेथें हातीं लागतें. माणूस स्वयंपाकाचें पुस्तक घ्यावयास जातो आणि शेजारच्या फळीवरचें पक्ष्यांविषयींचें पुस्तक उघडून तासभर उभा राहतो. यंत्रहि सुचविण्याचें काम करतें. पण आपण पूर्वीं जें घेतलें तसलेंच तें पुढें करतें. त्यांत आपल्याच आवडीचा प्रतिध्वनि ऐकूं येतो. शिवाय दहा वर्षांच्या मुलाजवळ बँकेचें खातें नसतें. त्याला पुस्तकाशीं ओळख करून घ्यावयाची असली तर पुस्तक हातांत घेतलें पाहिजे, उलटून पाहिलें पाहिजे, चित्रांसाठीं हट्ट धरला पाहिजे. लरेडोंतल्या सधन वाचकाला पुस्तकें मिळतच राहिलीं. ज्याला वाचक व्हावयाचें होतें, पण जो अजून झालेला नव्हता, त्याचें नुकसान झालें. आणि तें कोणाच्या जमाखर्चांत दिसत नाहीं.

लेखकांचीहि अशीच स्थिति झाली. ज्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे त्यांचीं पुस्तकें कोठेंहि खपतात. ज्याचें पहिलें किंवा दुसरें पुस्तक निघालें आहे, त्याला तें कोणाच्या तरी दृष्टीस पडण्याची आशा असते. तेवढीं कपाटेंच नाहींशीं झालीं म्हणजे प्रकाशक त्याच्या प्रती कमी छापतो आणि पुढच्या खेपेस त्याला नकार देणें सोपें होतें.

असें असलें तरी गोष्ट येथें संपली नाहीं, आणि पुढला भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. अमेरिकेंतील स्वतंत्र ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनेंतील दुकानांची संख्या २००९ सालीं सुमारें १,६५० पर्यंत उतरली होती. २०१८ च्या सुमारास ती २,४७० च्या आसपास पोहोंचली. ज्या लहान दुकानांचा अंत सर्वांनीं गृहीत धरला होता तींच फुटून वर आलीं. उलट अमेझॉननें स्वतः २०१५ पासून दगडविटांचीं पुस्तकांचीं दुकानें काढून पाहिलीं. तेथें वाचकांनीं दिलेले गुण पाहून पुस्तकें मांडीत. भांडवलाला तोटा नव्हता. तरी २०२२ सालीं तीं सर्व बंद करण्याचा निर्णय त्या कंपनीला घ्यावा लागला.

बार्न्स अँड नोबलचेंहि असेंच. २०१९ सालीं ती कंपनी एका गुंतवणूकदार संस्थेनें घेतली आणि कारभार जेम्स डाँट यांच्याकडे सोंपविला. हे लंडनचे पुस्तकविक्रेते. वॉटरस्टोन्स ही ब्रिटिश मालिका त्यांनीं बुडतां बुडतां सांवरली होती. त्यांचे उपाय अगदीं साधे होते. टेबलावरील जागेबद्दल प्रकाशकांकडून पैसे घेणें त्यांनीं बंद केलें, आणि कोणतीं पुस्तकें मांडावीं हें प्रत्येक गांवच्या दुकानांतील माणसांनीं ठरवावें असा नियम केला. परत जाणाऱ्या पुस्तकांचे ढीग कमी झाले. वर्षानुवर्षें शाखा मिटविणारी ती कंपनी २०२३ पासून पुन्हां डझनांनीं नव्या शाखा उघडूं लागली. एकंदरींत, दुकान मोठें असणें हा दोष नव्हता. आपल्या गिऱ्हाइकाला न ओळखणें हा दोष होता.

कायद्याचाहि यांत भाग आहे. फ्रान्समध्यें १९८१ च्या कायद्यान्वयें नव्या पुस्तकावर शेंकडा ५ हून अधिक सूट देतां येत नाहीं. दुकान लहान असो कीं मोठें. २०२३ च्या ऑक्टोबरापासून तर ३५ युरोंच्या आंतील पुस्तकें घरपोंच मागविणाराला किमान ३ युरो हशील द्यावें लागतें. इंग्लंडांत १९०० सालापासून असाच एक किंमतीचा करार होता. तो १९९५ सालीं मोडला. त्यानंतर तेथें मोठ्या पेठांनीं खपाऊ पुस्तकें अर्ध्या किंमतीस विकावयास आरंभ केला, आणि जीं पुस्तकें विकून लहान दुकानदार आपल्या संथ खपाच्या पुस्तकांचा भार सोसत असे, तींच त्याच्या हातून गेलीं.

आतां आपल्याकडे वळूं. दुकानांची मालिका ही कल्पना आपणांस नवी नाहीं. १८७७ सालीं अलाहाबादेस स्थापन झालेल्या ए. एच. व्हीलर कंपनीचीं रेल्वे स्टेशनांवरील दुकानें कित्येक पिढ्यांनीं पाहिलीं आहेत. चेन्नईंत १९८७ सालीं लँडमार्क आणि मुंबईंत १९९२ सालीं क्रॉसवर्ड सुरू झालें. यांपैकीं लँडमार्कच्या दुकानांतून पुढें पुस्तकें मागें हटत गेलीं आणि खेळणीं पुढें आलीं. क्रॉसवर्ड मात्र २०२१ सालीं पुण्याच्या एका पुस्तकव्यवसायी घराण्याकडे आलें. ज्या दुकानाच्या आठवणीनें मुंबईकर आजहि हळवा होतो तें स्ट्रँड बुक स्टॉल, १९४८ सालीं टी. एन. शानभाग यांनीं एका चित्रपटगृहांत मांडलेलें. २०१८ च्या फेब्रुवारींत तें मिटलें. जातांना त्याला निरोप देण्यास जी गर्दी लोटली तिच्या निम्मी गर्दी आधींच्या वर्षांत नेमानें होत राहिली असती, तर कदाचित् निरोपाची वेळ आली नसती.

मराठी पुस्तकाला तर मोठ्या मालिकांचा आधार कधीं फारसा लाभलाच नाहीं. इंग्रजी पुस्तकांच्या त्या झगझगीत दुकानांत मराठीच्या वाट्याला बहुधा एखादी फळी येई. आपलें पुस्तक वाढलें तें ग्रंथसंग्रहालयांत, चौकांतल्या दोन खणी दुकानांत, आणि गांवोगांवच्या प्रदर्शनांत. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. म्हणजे मोठीं भांडारें मिटल्यानें मराठी वाचक उघडा पडला असें म्हणतां येत नाहीं. पण ब्राँक्समध्यें जें एका शाखेच्या जाण्यानें झालें, तें आपल्या तालुक्याच्या गांवीं एका वृद्ध दुकानदाराच्या जाण्यानें होऊं शकतें. त्याची बातमीहि कोठें छापून येणार नाहीं.

एक कबुली देऊन हें भाषण आटोपतों. मागें एकदां एका ओळखीच्या दुकानांत मीं तासभर पुस्तकें चाळलीं. एक ग्रंथ मनांत भरला. दुकानदारानें त्याची माहिती सांगितली, त्याच लेखकाचीं आणखी दोन पुस्तकें काढून दाखविलीं. मीं आभार मानले, आणि घरीं येऊन शंभर रुपये वांचतात म्हणून तो ग्रंथ इंटरनेटवरून मागविला. त्या तासाचें भाडें, दिव्याचा खर्च आणि त्या गृहस्थाचें ज्ञान यांची किंमत मीं बुडविली, हें मला फार उशीरां उमगलें. पुढें तें दुकान बंद झालें. माझ्या शंभर रुपयांनीं तें बंद झालें नाहीं. पण माझ्यासारखे पुष्कळ होते.

तेव्हां श्रोत्यांना माझी विनंती एवढीच आहे. जें पुस्तक दुकानांत पाहून आवडलें, तें त्याच दुकानांत विकत घ्यावें. दूरचें, दुर्मिळ असेल तें खुशाल यंत्रावरून मागवावें. आणि महिन्यांतून एका सायंकाळीं घरांतल्या मुलांना बरोबर घेऊन आपल्या गांवच्या पुस्तकांच्या दुकानांत जावें. काय घ्यावयाचें हें आधीं ठरवूं नये, आणि निवड मुलांवर सोंपवावी.